१५७९ ची मशीद, २०१६ ची इमारत: बान्या लुकाच्या फेरहादियात गेल्यावर नेमकं काय बघायचं?

बोस्नियाच्या सहलीचे रील्स पाहिले तर दोनच शहरं पुन्हापुन्हा दिसतात. मोस्तारच्या जुन्या पुलावरून नदीत उड्या मारणारे तरुण आणि सारायेवोच्या बाजारातली तांब्याची भांडी. बान्या लुका हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर, पण या यादीत ते सहसा नसतं.

जे तिथे जातात त्यांना वर्बास नदीच्या काठावरचा कास्तेल किल्ला दाखवला जातो आणि तिथून काही मिनिटांच्या चालण्यावर असलेली फेरहादिया मशीद. नियम कुठल्याही ऑटोमन मशिदीचे असतात तेच. बूट बाहेर काढायचे, स्त्रियांनी डोकं झाकायचं, नमाज सुरू असेल तर पर्यटकांनी थांबायचं. अंगणात वजूसाठी कारंजं, जुनी थडगी, एका बाजूला सुमारे चाळीस मीटर उंचीचा एकुलता एक मिनार. दर्शनी ओवरीवर तीन छोटे घुमट, आत मुख्य घुमट आणि मिहराबच्या बाजूला अर्धा घुमट. इस्तंबूलच्या भव्य मशिदी पाहून आलेल्याला ही लहान वाटेल. पण प्रमाण इतकं नेटकं आहे की बोस्नियातल्या सर्वांत देखण्या ऑटोमन इमारतींमध्ये तिची गणना होते.

पर्यटकांना सांगितलं जाणारं वर्ष असतं १५७९. ते खरं आहे. मात्र १९९३ नंतरच्या काही वर्षांत कुणी याच जागी आलं असतं तर त्याला मशीद दिसली नसती. दिसलं असतं एक सपाट मैदान, जिथे गाड्या लावल्या जात होत्या. आज जी इमारत समोर उभी आहे तिचं उद्घाटन ७ मे २०१६ रोजी झालं. म्हणजे ही मशीद जुनी की नवी? प्रश्न वरवर पुरातत्त्वाचा वाटतो. बोस्नियात तो राजकारणाचा आहे, न्यायालयांचा आहे आणि परत न आलेल्या माणसांचाही आहे.

मशीद बांधली कुणी?

फेरहात पाशा सोकोलोविच हा ऑटोमन साम्राज्याचा बोस्नियातला अधिकारी. त्याच्या घराण्याचं नाव युरोपच्या इतिहासात मोठं आहे. साम्राज्याचा प्रसिद्ध वजीर सोकोलू मेहमेद पाशा याच घराण्यातला. बोस्नियातल्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला मुलगा इस्तंबूलला नेला गेला आणि पुढे साम्राज्याचा कारभार त्याच्या हातात आला. बोस्नियाचे मुसलमान कोण, हे समजायला या घराण्याकडे पाहिलं तरी पुरे. ते बाहेरून येऊन वसलेले तुर्क नाहीत. तिथलेच स्लाव लोक, शेजारच्या सर्ब आणि क्रोएट लोकांसारखीच भाषा बोलणारे, ऑटोमन काळात मुसलमान झालेले. आज त्यांना बोस्नियाक म्हणतात.

१५७५ मध्ये फेरहात पाशानं सीमेवरच्या लढाईत हाब्सबर्ग सेनापती हर्बर्ड फॉन आउअर्सपर्ग याचा पराभव केला. सेनापती मारला गेला, त्याचा मुलगा कैद झाला. मुलाच्या सुटकेसाठी मिळालेल्या खंडणीतून मशीद उभी राहिली, असं सांगितलं जातं. मशिदीच्या भोवती बाजार, हमाम अशी शहराला लागणारी बांधकामं झाली आणि त्यांच्या उत्पन्नातून मशिदीचा खर्च चालेल अशी वक्फची सोय करण्यात आली. आपल्याकडे वक्फ हा शब्द बातम्यांत येतो तो बहुतेक वेळा वादाच्या संदर्भात. बाल्कनमधली कित्येक शहरं मात्र या व्यवस्थेतूनच आकाराला आली. आधी मशीद आणि वक्फ, मग त्यांच्याभोवती शहर. बान्या लुकाची वाढही अशीच झाली.

एक दंतकथा इथे प्रत्येक पाहुण्याला ऐकायला मिळते. मशीद पूर्ण झाल्यावर पाशानं कारागिरांना मिनारात कोंडलं, का तर त्यांनी इतकं सुंदर काही पुन्हा कुठे बांधू नये. कारागिरांनी गुपचूप पंख तयार केले आणि एका अंधाऱ्या रात्री ते उडून गेले. ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. दोन्ही गोष्टींना पुरावा नाही. फरक इतकाच की बोस्नियाच्या गोष्टीतले कारागीर सुटतात.

७ मे १९९३ च्या पहाटे काय झालं?

युगोस्लाव्हिया फुटल्यानंतर एप्रिल १९९२ मध्ये बोस्नियात युद्ध सुरू झालं. सारायेवोला वेढा पडला, तो जवळपास चार वर्षं टिकला. बान्या लुकाची गोष्ट वेगळी होती. शहर सुरुवातीपासून सर्ब राष्ट्रवाद्यांच्या ताब्यात होतं. इथे रस्त्यावरची लढाई झाली नाही, वेढा नव्हता, तोफगोळ्यांचा मारा नव्हता.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण युद्धात इमारती पडतातच असं म्हणून हा विषय अनेकदा संपवला जातो. बान्या लुकात मशिदी युद्धाच्या माऱ्यात सापडून पडल्या नाहीत. ६ मेच्या रात्रीपासून ७ मेच्या पहाटेपर्यंत फेरहादियात स्फोटकं लावून ती उडवण्यात आली. त्याच रात्री तिथून सुमारे ८०० मीटरवरची, १५९५ मध्ये बांधलेली आर्नाउदिया मशीदही उडवली गेली. युद्ध संपेपर्यंत शहरातल्या सर्व १६ मशिदी नष्ट झाल्या होत्या.

नंतर जे झालं ते स्फोटाइतकंच बोलकं आहे. उरलेल्या भिंती पाडून टाकल्या. दगड ट्रकमध्ये भरून शहराच्या कचरा डेपोवर नेले, काही फोडून भरावासाठी वापरले. जागा सपाट केली आणि तिचं पार्किंग झालं. फेरहादिया युगोस्लाव्हियाच्या काळापासून संरक्षित स्मारक होती आणि १९६९ च्या भूकंपात हानी होऊनही ती उभी राहिली होती. आता तिचा दगडही जागेवर राहू नये याची व्यवस्था झाली.

संपूर्ण देशाचा आकडा बोस्नियाच्या इस्लामिक समुदायानं नोंदवला आहे. त्यानुसार युद्धात ६१४ मशिदी पूर्ण नष्ट झाल्या, आणखी शेकडो इमारतींचं नुकसान झालं. कॅथलिक चर्चही मोठ्या संख्येनं पडली आणि सर्बांची ऑर्थोडॉक्स चर्चही वाचली नाहीत.

त्याच शहरातलं पाडलेलं चर्च

फेरहादिया पाहून झाल्यावर तशाच पायी शहराच्या मुख्य चौकाकडे गेलं की सोनेरी घुमटांचं भव्य ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल लागतं. फेरहादियाची गोष्ट सांगताना हे कॅथेड्रल वगळलं तर ती अर्धी राहते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथे सर्बांचं कॅथेड्रल उभं राहिलं होतं. १९४१ मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात त्याचं नुकसान झालं. त्यानंतर हिटलरच्या पाठिंब्यावर सत्तेत आलेल्या क्रोएट फॅसिस्टांनी, म्हणजे उस्ताशांनी, ते पाडून जमीनदोस्त केलं. पाडण्याच्या कामाला सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांनाच जुंपलं. साम्यवादी राजवटीत त्या जागी युद्धस्मारक उभं होतं. कॅथेड्रल पुन्हा बांधायला सुरुवात झाली १९९३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी फेरहादिया उडवली गेली त्याच वर्षी. २००४ मध्ये ते पूर्ण झालं.

एका शहरात, काही मिनिटांच्या अंतरावर, दोन समाजांची दोन प्रार्थनास्थळं. दोन्ही मुद्दाम पाडलेली, दोन्ही नव्यानं बांधलेली. सर्ब राष्ट्रवादाच्या दृष्टीनं मशीद म्हणजे साडेतीनशे वर्षांच्या ऑटोमन राजवटीची खूण, आणि १९४१ चं दुःख हे त्या रागाला जोडलेलं दुसरं टोक. हे समजून घ्यायला हवं. पण १९४१ चे गुन्हेगार उस्ताशा होते. १९९३ मध्ये फेरहादियात नमाज पढणारे बान्या लुकाचे शिक्षक, दुकानदार आणि कारखान्यातले कामगार होते. जुन्या जखमेचा हिशोब त्यांच्याकडून वसूल करण्याला कुठलाच आधार नव्हता.

मशीद न्यायालयात पुरावा कशी ठरली?

माणसं मारली जात असताना इमारतींचं एवढं काय, असा प्रश्न त्या काळातही विचारला जात होता. हेगमधल्या युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात त्याचं उत्तर हळूहळू तयार झालं.

हार्वर्ड विद्यापीठातले ग्रंथालय आणि इस्लामी कलेचे जाणकार आंद्राश रीडलमायर यांनी युद्धानंतर बोस्नियात फिरून पाडलेल्या प्रार्थनास्थळांची पाहणी केली आणि न्यायाधिकरणापुढे साक्षी दिल्या. त्यांची पद्धत साधी होती. पडलेली मशीद पाहायची आणि मग तिच्या शेजारची घरं पाहायची. शेजारची भिंत शाबूत असेल आणि मशीद पायापासून गेली असेल, तर तो तोफेचा चुकलेला गोळा नसतो. स्फोटकं कुठे लावली होती ते ढिगारा सांगतो.

राडोस्लाव बर्जानिन हा बान्या लुका ज्या क्रायिना भागात येतं तिथल्या सर्ब सत्तेचा प्रमुख नेता. २००४ मध्ये न्यायाधिकरणानं त्याला दोषी ठरवलं तेव्हा गुन्ह्यांच्या यादीत धार्मिक स्थळांचा विध्वंसही होता. शिक्षा ३२ वर्षांची झाली, अपिलात ती ३० वर आली. मात्र हा खटला १९९२ मधल्या घटनांचा होता. फेरहादिया त्यानंतर पडली, त्यामुळे ती या निकालाच्या चौकटीत बसत नाही.

याआधी २००१ मध्ये स्रेब्रेनित्साशी संबंधित क्रस्टिच खटल्यात न्यायाधीशांनी एक भेद स्पष्ट केला होता. केवळ सांस्कृतिक विध्वंसाला कायद्यानं नरसंहार म्हणता येत नाही. नरसंहारासाठी माणसांचा शारीरिक नाश हवा. पण माणसांवरच्या हल्ल्यांसोबत त्यांची प्रार्थनास्थळंही पाडली जात असतील, तर तो गट संपवण्याच्या हेतूचा पुरावा म्हणून त्याकडे पाहता येतं. आज गाझापासून युक्रेनपर्यंत कुठेही प्रार्थनास्थळं, ग्रंथालयं, संग्रहालयं उद्ध्वस्त होतात तेव्हा कायदेतज्ज्ञ ज्या निकालांकडे वळतात, त्यांत बोस्नियाचे हे निकाल असतात.

हेतू काय होता हे समजायला फार कायदा लागत नाही. ज्याला घराबाहेर काढलं तो उद्या परत येऊ शकतो. परतल्यावर त्याला आपली मशीद, आपल्या आजोबांची कबर, आपला बाजार सापडला तर तो राहील. त्यातलं काहीच सापडलं नाही, उलट गाड्या लावायची जागा दिसली, तर तो घर विकून निघून जाईल.

पायाभरणीच्या दिवशी दगडफेक

डिसेंबर १९९५ मध्ये डेटन करारानं युद्ध संपलं. या करारानं देश एक ठेवला, पण त्याचे दोन भाग केले. एक बोस्नियाक आणि क्रोएटबहुल संघराज्य, दुसरा सर्बबहुल रिपब्लिका स्रप्स्का. बान्या लुका या दुसऱ्या भागाचं सत्ताकेंद्र बनलं. म्हणजे फेरहादिया पुन्हा बांधायची परवानगी ज्यांच्याकडे मागायची, ते ती पाडली गेली त्या काळातल्या सत्तेचे वारस होते.

परवानगी मिळाली नाही. इस्लामिक समुदाय मानवाधिकार न्यायमंडळात गेला. १९९९ मध्ये तिथे निकाल लागला की मशिदी बांधू न देणं हा धर्मस्वातंत्र्याचा भंग आहे, परवानगी द्या. तरी पुढची दोन वर्षं गेली.

७ मे २००१ रोजी, विध्वंसाला आठ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, पायाभरणीचा समारंभ ठरला. परदेशी राजदूत आले, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे प्रमुख आले, देशभरातून बसमधून बोस्नियाक आले. अनेक वर्षांपूर्वी हे शहर सोडावं लागलेली माणसंही त्यांत होती. हजारोंचा जमाव त्यांच्यावर चालून गेला. दगडफेक झाली, बस पेटवल्या, नमाजाच्या चटया जाळल्या. सुमारे ३०० माणसं, त्यात राजदूतही, इस्लामिक समुदायाच्या इमारतीत कित्येक तास अडकून पडली. जखमींपैकी एका वृद्धाचा काही दिवसांनी मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात मोठ्या पोलीस बंदोबस्तात पहिला दगड बसवण्यात आला.

२००३ मध्ये फेरहादियाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. त्या निर्णयातली नोंद वाचण्यासारखी आहे. त्यात मशिदीला नव्हे, मशिदीच्या जागेला आणि अवशेषांना स्मारक म्हटलं आहे. म्हणजे एका रिकाम्या जागेला संरक्षण मिळालं.

पैशाच्या बाबतीत मात्र न्यायालयाची वाट अर्ध्यावरच संपली. २००९ मध्ये बान्या लुकाच्या न्यायालयानं १६ मशिदींच्या विध्वंसासाठी रिपब्लिका स्रप्स्काच्या यंत्रणांनी सुमारे ४.२ कोटी डॉलरची भरपाई द्यावी असा आदेश दिला. वरच्या न्यायालयात तो टिकला नाही.

ढिगाऱ्यातून मशीद उभी करायची म्हणजे काय?

सारायेवोच्या वास्तुकला महाविद्यालयातल्या तज्ज्ञांनी एक पक्का निर्णय घेतला. तसाच दिसणारा काँक्रीटचा सांगाडा उभा करून वर दगडाची फरशी लावणं स्वस्त पडलं असतं, लवकर झालं असतं. ते करायचं नाही. जुने दगड शोधायचे, प्रत्येकाचं माप घ्यायचं, त्याची मूळ जागा ठरवायची आणि तो तिथेच बसवायचा. जिथे दगड मिळणार नाही तिथेच नवा घडवायचा, तोही जुन्या पद्धतीनं.

त्यासाठी कचरा डेपो खणावा लागला. कमानीचा कुठला तुकडा, मिनाराच्या जिन्याचा कुठला, हे ओळखायला जुने आराखडे, मोजमापं आणि छायाचित्रं होती. शहरातल्या लोकांच्या घरातल्या जुन्या फोटोंनाही अशा कामात किंमत येते, कारण लग्नाच्या किंवा फिरायला गेल्याच्या फोटोत मागे मशिदीचा एखादा कोपरा असतो. काम वर्षानुवर्षं चाललं.

तर मग ती जुनी की नवी? वारसा जपणाऱ्या जगात यावर दोन बाजू आहेत. एक म्हणते की गेलेली वास्तू परत येत नसते, नवी बांधून तिला जुनं म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. मोस्तारचा पूल या वादातलं मोठं उदाहरण. १५६६ चा तो पूल नोव्हेंबर १९९३ मध्ये क्रोएट तोफांनी पाडला, २००४ मध्ये पुन्हा बांधला आणि २००५ मध्ये युनेस्कोनं त्या परिसराला जागतिक वारसा मानलं. तेव्हाही पुलाचा दगड किती जुना यापेक्षा तो पुन्हा जोडला जाण्याचा अर्थ मोठा ठरला.

फेरहादियाच्या बाबतीत दुसरी बाजू अधिक पटते. ज्यांनी ती पाडली त्यांचा उद्देशच तिचा मागमूस न ठेवण्याचा होता. अशा वेळी जागा रिकामी ठेवणं म्हणजे त्यांचं काम पूर्ण होऊ देणं. शिवाय कचऱ्यातून परत आणलेला दगड हा फक्त सोळाव्या शतकाचा राहत नाही. १९९३ ही तारीखही आता त्याच्यात आहे. तक्रार असेल तर एवढीच की ती तारीख पाहुण्याला सहज कळत नाही.

पैसा ज्याचा, रूपही त्याचंच?

बोस्नियातल्या मशिदी पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. दुरुस्तीचे पैसे कुठून आले?

सारायेवोची गाझी हुसरेव बेग मशीद ही देशातली सर्वांत महत्त्वाची मशीद, १५३१ च्या सुमाराची. वेढ्यात तिच्यावर तोफगोळे पडले. युद्धानंतर सौदी पैशातून दुरुस्ती झाली आणि आतल्या भिंतींवरची रंगीत नक्षी जाऊन पांढरा रंग आला. सौदी धर्मविचारात मशिदीत सजावट नको असते. बोस्नियाच्या मुसलमानांची परंपरा तशी कधीच नव्हती. टीका झाली आणि काही वर्षांनी नक्षी पुन्हा रंगवण्यात आली. तोफगोळ्यांतून वाचलेलं जे काही होतं, ते मदतीच्या नावाखाली गेलं, असं म्हणणारे आजही आहेत.

फेरहादियाच्या मागे तुर्कीचा पैसा होता, तिथल्या सरकारी मदतसंस्थेमार्फत. २०१६ च्या उद्घाटनाला तुर्कीचे तेव्हाचे पंतप्रधान अहमत दावुतोग्लू हजर होते. त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर करून दोनच दिवस झाले होते. तुर्कीसाठी बाल्कनमधल्या ऑटोमन मशिदी म्हणजे आपल्या जुन्या साम्राज्याच्या छायेत आजचं वजन वाढवण्याची जागा. सर्ब राष्ट्रवाद्यांना नेमकं तेच दाखवून देता येतं: बघा, ही मशीद तुमच्या शेजाऱ्यांची नाही, अंकाराची आहे. बान्या लुकाच्या मूठभर बोस्नियाकांची यात दोन्हीकडून कोंडी होते. मदत घेतली नसती तर मशीद कदाचित आजही अर्धवट असती.

इमारत परतली, माणसं परतली का?

डेटन कराराला अनेक परिशिष्टं आहेत. सातवं परिशिष्ट निर्वासितांचं, त्यात प्रत्येकाला आपल्या मूळ घरी परतण्याचा हक्क दिला आहे. आठवं परिशिष्ट राष्ट्रीय स्मारकांचं. शांतता करारात स्मारकांसाठी स्वतंत्र परिशिष्ट असणं हेच दुर्मीळ. दोन्ही परिशिष्टं शेजारी शेजारी ठेवली आहेत, कारण करार लिहिणाऱ्यांनाही माणूस आणि त्याच्या वास्तू एकत्र गेल्या आहेत हे दिसत होतं.

आठव्या परिशिष्टाला बान्या लुकात यश आलं. सातव्याचं काय झालं, ते जनगणनेत दिसतं. १९९१ मध्ये इथे सुमारे १४.६ टक्के लोकांनी स्वतःची नोंद मुस्लिम अशी केली होती, संख्या सुमारे २८,५००. जवळपास तितकेच क्रोएट होते. सर्ब निम्म्याहून थोडे जास्त. २०१३ च्या जनगणनेत बोस्नियाक ४.२ टक्के उरले, म्हणजे आठ हजारांहूनही कमी. क्रोएट तीन टक्क्यांच्या आत. सर्ब जवळपास ९० टक्के. क्रोएशियातून हाकलले गेलेले हजारो सर्ब निर्वासितही दरम्यान या भागात येऊन वसले होते, हेही या आकड्यांमागे आहे.

आकडे पाहिले की २०१६ च्या उद्घाटनाची दृश्यं वेगळी दिसू लागतात. त्या दिवशी सुमारे दहा हजार लोक आले होते आणि एक हजारहून अधिक पोलीस तैनात होते. मोठा भाग बाहेरून आलेल्यांचा होता. काही सारायेवोहून, काही जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडनमधून. एकेकाळचे बान्या लुकाकर, जे समारंभ संपल्यावर पुन्हा आपापल्या गावी, आपापल्या देशात गेले.

आजही हा विषय गरम का आहे?

रिपब्लिका स्रप्स्काचे अनेक वर्षांचे नेते मिलोराद दोदिक बोस्नियापासून वेगळं होण्याची भाषा सातत्यानं करत आले आहेत आणि स्रेब्रेनित्सात नरसंहार झाला हे ते नाकारतात. करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीचे आदेश धुडकावल्याबद्दल फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांना एक वर्ष तुरुंगवास आणि सहा वर्षं राजकीय पदबंदीची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये अपील फेटाळलं गेलं, तुरुंगवासाच्या जागी दंड आला, पण राष्ट्राध्यक्षपद गेलं.

मे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्रेब्रेनित्साच्या स्मरणदिनाचा ठराव आला, तेव्हा ८४ देशांनी बाजूनं, १९ देशांनी विरोधात मतदान केलं आणि ६८ तटस्थ राहिले. तटस्थांमध्ये भारत होता. बोस्नियाकांना हे मतदान आठवतं. तिथे जाणाऱ्या भारतीयाला एखाद्या कॅफेत त्याबद्दल प्रश्न विचारला गेला तर आश्चर्य वाटायला नको.

इमारती पुन्हा उभ्या राहण्याचं काम मात्र सुरूच आहे. फोचा या गावातली आलाजा मशीद, सोळाव्या शतकातली, १९९२ मध्ये उडवली गेली होती. युद्धानंतरही काही वर्षं गावाचं नावसुद्धा बदललेलं होतं. ती २०१९ मध्ये पुन्हा उघडली. बोस्नियाचे मुसलमान ७ मे हा दिवस मशिदींचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी बान्या लुकात गेलं तर फेरहादियाचं अंगण भरलेलं असतं. इतर दिवशी पर्यटकाला ते शांत मिळतं, फोटो चांगले येतात.

ज्या रात्री फेरहादिया पडली त्याच रात्री पडलेली आर्नाउदिया बराच काळ मोकळी जागाच होती. ७ मे २०२४ रोजी, ३१ वर्षांनी, तिचं दार उघडलं. फेरहादियापासून ती चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. सहलीच्या यादीत अजून तिचं नाव फारसं येत नाही.